साउंडवाल्यांची बॅग

डॉक्टरांनी वहिनींच्या ऑपरेशनसाठी शुक्रवार दिला आणि रविवारी सकाळी साउंडवाल्यांनी माळ्यावरून बॅग खाली काढली. शिडीवरून उतरताना त्यांची कंबर धरली, बॅग वहिनींच्या डोक्यावरून थोडक्यात हुकली आणि तिच्यामागोमाग एक जुनी चादर वर्षभराच्या धुळीसकट दोघांच्या अंगावर आली. कामाला सुरुवात झाली ती अशी. पुढे जे जे झालं त्याच्या मानाने ती बरीच म्हणायला हवी.

साउंडवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षं गळ्यात बॅग अडकवून, कानांना हेडफोन लावून ते दुसऱ्यांचे आवाज टिपत फिरले, म्हणून इमारतीत सगळे त्यांना साउंडवाले म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. पुढाऱ्यांची भाषणं, पुलांची उद्घाटनं, गिरण्यांचे भोंगे, सगळं त्यांनी टिपलं होतं. एका गायीचं हंबरणं तर अकरा वेळा, कारण दिग्दर्शकाला त्यात दुःख कमी पडत होतं. गेल्या वर्षापासून मात्र कामाचे फोन येईनासे झाले. कॅमेरावाले स्वतःच एक बोटाएवढा माइक लावून मोकळे होऊ लागले. साउंडवाल्यांनी बॅग माळ्यावर टाकली, आणि विषय निघालाच तर हल्ली आपणच निवडक कामं घेतो असं सांगू लागले.

वहिनींच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागणार, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी शनिवारी सरळ सांगितलं. वहिनींनी तिथल्या तिथे मान हलवली. साउंडवाल्यांनी डॉक्टरांना विचारलं की आवाज म्हणजे किती टक्के जाईल. डॉक्टर म्हणाले, सगळा. त्यावर साउंडवाले बराच वेळ टेबलावरचा कागदाचा गठ्ठा सरळ करत बसले.

लेक दुसऱ्या शहरात, आठवा महिना लागलेली, तिला येणं शक्य नव्हतं. फोनवर ती आधी रडली आणि मग तिने एकच गोष्ट मागितली. ती लहान असताना वहिनी तिला रोज झोपताना एका हरवलेल्या बटणाची गोष्ट सांगायच्या. कोटावरून निसटलेलं बटण घरभर, गावभर फिरतं, अशी काहीतरी ती होती. ती कुठल्या पुस्तकात नव्हती, वहिनींनी स्वतःच रचलेली, आणि रोज थोडी थोडी बदलणारी. साउंडवाल्यांना ती ठाऊक नव्हती, कारण ते त्या वेळी एक तर कामावर असायचे किंवा घोरत असायचे. लेकीचं म्हणणं, बाळाला आजीचा आवाज तेवढ्या एका गोष्टीत तरी मिळू दे.

"बाबा, मोबाईल नुसता आईच्या समोर धरा. पाच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

मोबाईल. साउंडवाल्यांना हा शब्द लागला. सुताराच्या लेकीने बापाला सांगावं की टेबल राहू द्या, आपण पुठ्ठ्याच्या खोक्यावर जेवू, तसं त्यांना झालं. त्यांनी मनात ठरवून टाकलं की हे रेकॉर्डिंग असं होईल की जगात त्याला तोड नसेल. खरी गोष्ट अशी होती की त्यांना वहिनींचा आवाज हवा होता, लेकीइतकाच, आणि बायकोकडे तो मागावा कसा हे त्यांना माहीत नव्हतं. बॅग आवरायला घेणं त्या मानाने सोपं होतं.

आता कुणी विचारेल की ज्याने तीस वर्षं जगाचे आवाज गोळा केले त्याच्या घरात बायकोच्या आवाजाची एकही फीत नसावी? नव्हती. लेकीच्या बारशापासून लग्नापर्यंत प्रत्येक समारंभ त्यांनी रेकॉर्ड केला होता, आणि प्रत्येक वेळी वहिनी मध्येच काहीतरी बोलायच्या. कुणी पाणी घेतलं का, दार कुणी उघडं टाकलं, असलं काहीतरी. माइकपासून लांबून आलेला आवाज साउंडवाल्यांना खपत नसे. घरी येऊन ते निगुतीने तो कापून काढायचे. अशी त्यांनी बायको सगळ्या समारंभांतून स्वच्छ पुसून काढली होती, आणि त्या सफाईचा त्यांना परवापरवापर्यंत अभिमान होता. फोनवर निरोप बोलून ठेवणं वहिनींनाही आवडायचं नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणायच्या.

तर रविवारी त्यांनी दोन निर्णय घेतले. पहिला, रेकॉर्डिंग गुरुवारी सकाळी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, घरातल्या आतल्या खोलीत, सगळ्या खिडक्या लावून होईल. दुसरा, तोवर वहिनींनी अजिबात बोलायचं नाही.

या दुसऱ्या निर्णयाला त्यांच्या धंद्यात आधार होता. मोठं रेकॉर्डिंग असलं की गाणारा माणूस चार दिवस मौन धरतो, आवाज राखून ठेवतो, आणि मग तो कसा निर्मळ लागतो. वहिनींचा घसा आधीच बसलेला. चार दिवस राखला तर गुरुवारी जुना आवाज थोडा तरी परत येईल असा त्यांचा हिशेब. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं ऐकल्याचे प्रसंग मोजकेच, पण हे ऐकलं. त्यांनी जुन्या दिनदर्शिकेची पानं मागच्या कोऱ्या बाजूने शिवून एक वही केली, पेन्सिल दोऱ्याने बांधून गळ्यात अडकवली आणि गप्प झाल्या. घर असं शांत झालं की नळाचं थेंबथेंब गळणं पहिल्यांदाच ऐकू आलं. साउंडवाल्यांनी ते गुरुवारच्या दृष्टीने टिपून ठेवलं आणि नळाला फडकं गुंडाळलं.

मग बॅग उघडली. आत वर्षापूर्वीचे चार सेल फुगून फुटले होते आणि त्यांची पांढरी हिरवी पूड सगळ्या कप्प्यांत पसरली होती. साउंडवाले पलंगावर चादर अंथरून बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागले: रेकॉर्डिंगचं यंत्र, बिनतारी माइकच्या दोन डब्या, विटेएवढी मोठी बॅटरी, वायरीचा छोटा माइक, वायरींची भेंडोळी, हेडफोन, सेल मोजायचं छोटं यंत्र. शेवटी तळाशी एका जुन्या कामाचं चहाचं कुपन निघालं. तेही त्यांनी पुसून बाजूला ठेवलं.

इतक्यात वायरमनकाका आले. काका शेजारचेच, वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि विजेवर चालणारी कुठलीही वस्तू कुणाच्याही घरात उघडली की त्यांना ते आपोआप कळतं. वहिनींच्या आजाराबद्दल काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं, म्हणून ते सेलबद्दल बोलले, पाऊण तास. त्यांच्या मते सेल उन्हाळ्याने मरतात. नोकरीत असताना त्यांनी सेल नेहमी गारव्याला ठेवले आणि त्यांची विजेरी सोळा वर्षं एका ताकदीने लागली. चार्ज करून झाले की सरळ फ्रिजमध्ये ठेवा, ते म्हणाले, आणि वापरायच्या अर्धा तास आधी काढा.

साउंडवाल्यांनी सोमवारी बारा पेन्सिल सेल चार्ज केले, डबीत भरले आणि फ्रिजमध्ये दुधाच्या जागी ठेवले. दूध ओट्यावर आलं. मंगळवारी वहिनींनी वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं: "सेल फ्रिजमध्ये. दूध बाहेर. दूध नासलं. सेलची तब्येत कशी आहे?" साउंडवाले म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

इथे सेलच्या बाबतीतली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. भरलेले आणि संपलेले सेल दिसायला सारखेच. म्हणून साउंडवाल्यांच्या धंद्यात भरलेला सेल डोकं वर करून ठेवतात, म्हणजे टोकाची बाजू वर, आणि संपलेला डोकं खाली. अंधारात, गर्दीत, पळत असताना नुसतं बोट फिरवून कळतं. तीस वर्षांत त्यांचं बोट एकदाही चुकलं नव्हतं. बॅगेचे कप्पे नव्याने लावताना माप घ्यायला सेल हवेत, म्हणून त्यांनी आठ जुने, संपलेले सेल घेतले आणि उजव्या खिशात डोकं खाली करून ओळीने उभे केले. भरलेले बारा गुरुवारी सकाळी फ्रिजमधून यायचे होते.

मंगळवारी दुपारी मेव्हणा आला. वहिनींचा धाकटा भाऊ, गोदामात मॅनेजर, आणि जगातली निम्मी दुःखं वस्तू जागेवर नसल्यामुळे होतात असं मानणारा. ताईला डोळे भरून बघण्यासाठी तो आला होता, पण ताई बोलत नव्हती आणि तिच्याकडे नुसतं बघत बसणं त्याला झेपेना. तो पलंगापाशी आला, बॅगेकडे बघून त्याने सुस्कारा टाकला आणि बाह्या वर केल्या.

"भाऊजी, एवढं वजन घेऊन तुम्ही कंबरेचं वाटोळं केलंत. लागतं ते आत, लागत नाही ते बाहेर."

त्याने प्रत्येक कप्प्यावर आकडा चिकटवला, कुठल्या आकड्यात काय त्याची यादी केली आणि यादी झाकणाच्या आत लावली. वायरी मोजून तीन ठेवल्या. सेल मोजायचं यंत्र त्याने बाहेर काढलं, कारण सेल आधीच भरलेले असतील तर मोजायचे कशाला. साउंडवाल्यांनी हरकत घेतली, पण मेव्हण्याने गोदामातले दाखले दिले. सगळं बसवून झाल्यावर बॅग इतकी सुरेख दिसू लागली की दोघेही दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं की यंत्राचं चालू करायचं बटण मोठ्या बॅटरीमागे गेलं आहे. सगळं परत बाहेर आलं. यादीत आकडे खोडले गेले, खोडलेल्यांवर नवे आले, आणि चार वाजता वहिनींनी दोघांपुढे चहा ठेवला तेव्हा पलंगावर बसायला जागा नव्हती. वहिनी दारात उभ्या राहून भावाकडे बघत होत्या. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं त्यांच्या मनात होतं, आणि त्याच्याही. साउंडवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मेव्हणा चहा पिऊन गेला.

रात्री बॅग लागली. म्हणजे माणसाच्या हातून जेवढी लागू शकते तेवढी लागली. साउंडवाल्यांनी बायकोला ती दाखवली. वहिनींनी वहीत लिहिलं, "सुंदर," आणि खाली, "गोष्ट थोडी विसरल्यासारखी वाटतेय. एकदा म्हणून बघू का?" ते म्हणाले, गुरुवारी.

बुधवारी सकाळी साडेनऊला हॉस्पिटलातून फोन आला. आजचा एक पेशंट तापामुळे रद्द झाला आहे, डॉक्टर शुक्रवारी परगावी चाललेत, तेव्हा तुमचं आजच दुपारी करून टाकू, उपाशी पोटी दोन तासांत या. फोनवरच्या बाईंनी हे असं सांगितलं जसं काही गॅसची टाकी दोन दिवस आधी येणार आहे. साउंडवाल्यांनी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन तासांत काय काय करायचं. कपडे, कागद, रिपोर्ट, चपला, टॉवेल. वहिनींच्या बांगड्या आणि मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं, कारण दागिने आणि मौल्यवान वस्तू आणू नयेत असं हॉस्पिटलच्या कागदावर होतं. घरीच घाईने रेकॉर्डिंग उरकावं असा विचार साउंडवाल्यांच्या मनात येऊन गेला, पण खाली टॅक्सी वाजत होती आणि समोरच्या घरी भिंतीला भोक पाडणं चाललं होतं. असल्या आवाजात बटणाची गोष्ट? तिथे स्वतंत्र खोलीत दहा मिनिटं मिळतील, त्यांनी ठरवलं, आणि बॅग खांद्याला लावली. वही वहिनींच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी गेली होती.

निघताना वहिनी स्वयंपाकघरात अडल्या. फ्रिजच्या दारावर हात ठेवून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी दाराला दोनदा बोटाने टकटक केलं.

"अगं, उपाशी पोटी सांगितलंय," साउंडवाले म्हणाले. "दूधसुद्धा चालणार नाही."

वहिनींनी मान जोरात हलवली, फ्रिज उघडला, आणि तेवढ्यात खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न असा दाबला की तो सोडलाच नाही. साउंडवाल्यांनी एका हाताने फ्रिज लावला, दुसऱ्या हाताने बायकोला धरलं आणि जिन्याने निघाले.

टॅक्सीत वहिनींनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा साउंडवाल्यांनी बोटानेच थांबवलं. दुसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "अहो, ते," आणि साउंडवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला.

"गाडीत नको. साडेतीन दिवस राखलास ना आवाज? अजून अर्धा तास."

हे ते अगदी मायेने बोलले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग बाहेर, मागे जाणाऱ्या दुकानांकडे बघत राहिल्या. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

हॉस्पिटलच्या दारात पहारेकऱ्याने बॅग अडवली. वायरी, डब्या, लाल दिवा लागणारं यंत्र, हे असं काही घेऊन वर जाता येत नाही. नर्स येऊन वहिनींना आत घेऊन गेली आणि साउंडवाले दाराशी राहिले. त्यांना एक अर्ज मिळाला. यंत्राचं नाव, यंत्राचं प्रयोजन, रुग्णाशी नातं, यंत्रांची संख्या. प्रयोजनापुढे त्यांनी "गोष्ट" असं लिहिलं. पहारेकऱ्याने ते दोनदा वाचलं आणि साहेबांना विचारायला गेला. साहेबांनी प्रयोजन मान्य केलं, पण संख्या एकच चालेल असा शेरा मारला. साउंडवाल्यांकडे यंत्र आणि मोबाईल अशी दोन निघत होती, कारण मोबाईलही रेकॉर्ड करतोच.

"मग मोबाईल घ्या तुम्ही ठेवून," साउंडवाले म्हणाले. अभिमानाने म्हणाले. मोबाईल त्यांनी टेबलावर असा ठेवला जसं काही खोटं नाणं परत करतायत.

मग मोठी बॅटरी. एवढी बॅटरी वर न्यायला वेगळ्या साहेबांची सही लागते आणि ते साहेब जेवायला गेलेत. तीही ठेवून घ्या, यंत्र पेन्सिल सेलवरही चालतं, साउंडवाल्यांनी सांगितलं आणि कप्पे नीट लावून दिल्याबद्दल मनात मेव्हण्याला धन्यवाद दिले. पहारेकरी सज्जन माणूस होता, आणि शिस्तीचा. त्याने प्रत्येक वस्तू बाहेर काढून वहीत नोंदवली. आठ सेल मोजले, फडक्याने पुसले आणि उजव्या खिशात परत ठेवताना बघितलं की ते उलटे उभे होते. हे काही त्याला बरं दिसलं नाही. त्याने आठही सेल एकेक करून सुलटे केले, डोकं वर, टोकाला टोक सरळ रेषेत, आणि आपल्या कामाकडे समाधानाने बघून चेन लावली. साउंडवाले त्या वेळी अर्जावर तिसऱ्यांदा सही करत होते.

वर खोली स्वतंत्र नव्हती. दोन खाटा होत्या, दुसऱ्या खाटेवर एक आजीबाई खोकत होत्या. वहिनींना हॉस्पिटलचा हिरवा झगा घातला होता आणि त्यात त्या एकदम लहान दिसत होत्या. नर्स म्हणाली, दहा मिनिटं, मग स्ट्रेचर येईल. साउंडवाल्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली, आजीबाईंना हात जोडून विचारलं की खोकला थोडा धरता येईल का. आजीबाईंनी पदर तोंडावर घेतला. माइक वहिनींच्या झग्याच्या गळ्याशी लावला. लावताना त्यांची बोटं तिच्या मानेला लागली आणि ते क्षणभर थांबले, पण मग वायर बघितली पाहिजे म्हणून खाली वाकले.

उजव्या खिशात त्यांनी बोट फिरवलं. आठ सेल, आठही डोकं वर. म्हणजे घाईतही आपण सेल बरोबर आणले, त्यांना वाटलं, हाताला सवय असते. चार सेल यंत्रात घातले. जुन्या सेलमध्येही पडून पडून थोडी धुगधुगी येते. लाल दिवा लागला. तो बघून वहिनींनाही वाटलं की यांनी सेल कुठून तरी घेतले असावेत, आणि त्यांनी इतका वेळ आवळून धरलेले खांदे सोडले. साउंडवाल्यांनी हेडफोन कानांवर घट्ट बसवले आणि हात वर केला.

"थांब. अजून बोलू नकोस."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

आणि दिवा गेला.

साउंडवाल्यांनी डोकं बॅगेत घातलं. सेल काढले, फिरवले, घासले, परत घातले. मग उरलेले चार. त्यांनी तर दिवा लागण्याचं सोंगसुद्धा केलं नाही. घामाने बोटं घसरत होती. झाकणातली यादी सांगत होती की सात नंबरच्या कप्प्यात सेल मोजायचं यंत्र आहे, पण ते खोडलेलं होतं. त्यांनी मध्ये एकदा वर बघितलं तर वहिनी बोलत होत्या. खाटेवर नीट बसून, मांडीवर हात ठेवून, माइककडे तोंड करून, मध्येच बोटांनी हवेत एक छोटा गोल काढत. त्यांनी हाताने थांब थांब अशी खूण केली. वहिनी थांबल्या नाहीत. साउंडवाल्यांच्या कानांवर ते हेडफोन होते, बाहेरचा आवाज कणभर आत येऊ नये म्हणून खास निवडून घेतलेले, आणि आतून यंत्र मेलेलं. त्यांना समुद्राच्या तळाशी असावं तसं काहीतरी ऐकू येत होतं. हेडफोन काढावेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. तीस वर्षांत काम संपायच्या आधी त्यांनी ते कधी काढलेच नव्हते.

स्ट्रेचर आलं. नर्सने माइक काढून त्यांच्या हातात दिला. ते बॅग गळ्यात घेऊन तशाच हेडफोनसकट स्ट्रेचरच्या बाजूने चालू लागले. लिफ्टपाशी वहिनींनी हात वर केला, त्यांच्या उजव्या कानावरचा हेडफोन बोटाने उचलला, आणि त्यांना पहिल्यांदा तो आवाज स्वच्छ ऐकू आला, बसलेला, चिरका, अगदी जवळून.

"भरलेले सेल फ्रिजमध्येच राहिलेत. सकाळपासून सांगतेय." मग जरा दम घेऊन, "घरी गेलात की काढा ते. दुधाला जागा होईल."

लिफ्टचं दार लागलं.

ते खोलीत परत आले आणि मोकळ्या खाटेवर बसले. आजीबाईंनी आता पोटभर खोकून घेतलं आणि मग म्हणाल्या, गोष्ट फार छान सांगितली हो तुमच्या मंडळींनी. बटण शेवटी कुठे सापडतं ते ऐकून मला तर रडूच आलं. साउंडवाल्यांनी विचारलं, कुठे सापडतं. आजीबाईंनी बराच प्रयत्न केला, पण त्यांना ते सांगता येईना. तसं सांगायला पाहिजे हो, त्या म्हणाल्या, मी सांगितलं तर नुसतंच बटण होईल.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पंधरा दिवसांनी वहिनी घरी आल्या, गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. मेव्हण्याने पाटीला अडकवायला खडूचा कप्पा करून दिला आणि त्यावर एक आकडा चिकटवला. वायरमनकाका रोज येऊन सेलबद्दल एक अक्षरही न बोलता बसायचे.

यंत्रात नऊ सेकंदांचं रेकॉर्डिंग निघालं. साउंडवाल्यांनी ते आधी एकटे असताना ऐकलं. "थांब. अजून बोलू नकोस." थोडी शांतता, मग "बरं." आवाजाची पातळी, स्वच्छता, सगळं उत्तम होतं, धंद्यातल्या कुणाला नाव ठेवता आलं नसतं. जुन्या सवयीने त्यांनी आपलं वाक्य कापायला घेतलं, म्हणजे लेकीला आईचा तेवढा एक शब्द तरी शुद्ध मिळेल. कापून ऐकलं. नुसतंच "बरं." कशाला बरं, कुणाला बरं, काही कळेना. कुठल्याही बाईने कुणालाही म्हटलेलं असावं तसं ते झालं. साउंडवाल्यांना तिथे खुर्चीत रडू आलं, आणि त्यांनी आपलं ते वाक्य परत जोडलं. लेकीने फोनवर ते दोनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, बाबा, असंच राहू द्या, तुमच्यासकट.

वहिनींना ऐकवायचं धैर्य त्यांना आणखी आठवडाभर झालं नाही. शेवटी एका सकाळी वहिनींनीच हेडफोनकडे बोट दाखवलं. ऐकून त्यांनी पाटीवर लिहिलं, "तुमचाच आवाज जास्त आहे." पुसलं. "नेहमीसारखा." मग परत ऐकलं, आणि परत.

मग त्यांनी पाटी बाजूला ठेवून दिनदर्शिकेच्या पानांची ती वही काढली. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्यांनी पेन्सिलीने पानंच्या पानं भरली होती. पहिल्या ओळीत बटण होतं. साउंडवाले वाचायला लागले तशी त्यांनी वहीवर हात ठेवला आणि माइककडे बघितलं. त्यांचं म्हणणं साउंडवाल्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. माझा आवाज घेऊन काय करायचं, ते म्हणाले, माझ्या आवाजाने पोर घाबरेल. वहिनी तशाच बघत राहिल्या.

ते उठले. फ्रिजमधून नव्हे, कपाटातून सेल काढले, भरलेले, डोकं वर. खिडक्या लावल्या, नळाला फडकं गुंडाळलं. माइक स्वतःच्या सदऱ्याला लावला, आणि हेडफोन बायकोच्या कानांवर बसवले. तिच्या डोक्याला ते मोठे होत होते. लाल दिवा लागला. साउंडवाल्यांनी वही डोळ्यांसमोर धरली, घसा साफ केला आणि तोंड उघडलं, तर वहिनींनी हात वर केला होता. दुसऱ्या हातातली पाटी त्यांच्याकडे वळवलेली होती.

"थांबा. अजून बोलू नका."

"बरं," साउंडवाले म्हणाले.